आधी कान, मग आवड

मी संवाद साफ करते. चित्रपट, माहितीपट, ऑडिओबुक, मुलाखती, जिथे जिथे माणसं बोलतात तिथला पंख्याचा घरघराट, खुर्चीची करकर, माइकवर आदळलेला श्वास मी काढून टाकते आणि तो काढलाय हे कुणाला कळू देत नाही. सतरा वर्षं हेच करतेय. हे काम मला मनापासून आवडतं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की ही बाई तडजोडीचे धडे देतेय.

पहिली दोन वर्षं मात्र ते आवडत नव्हतं. मला गायचं होतं. नऊ वर्षं शिकले होते, सूर बरा होता, आणि 'बरा' या शब्दाचा खरा अर्थ कळायला तेविसावं वर्ष उजाडलं. माझ्यापेक्षा चांगलं गाणारे पुष्कळ होते आणि माझ्या गाण्यावाचून कुणाचं काहीही अडत नव्हतं. गाण्याच्या आसपास राहता येईल म्हणून एका छोट्या स्टुडिओत हाताखाली लागले. तिथे गाणं नव्हतंच. तासन्‌तास ध्वनिमुद्रित केलेले संवाद होते आणि ते साफ करणारे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे दादा म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात दादांनी अकरा सेकंदांचा एक तुकडा दिला. म्हणाले, "यात काय काय आहे ते लिहून आण." मी लिहिलं, एक बाई बोलतेय, मागे थोडा आवाज आहे. दादांनी त्यांचा कागद पुढे सरकवला. त्यावर चौदा नोंदी होत्या. विजेची गुणगुण. दोन ठिकाणी ओठ सुटल्याचा टचकन आवाज. 'भ' उच्चारताना माइकला बसलेला हवेचा धक्का. वाक्याच्या मध्येच बदललेली खोली, कारण दोन वेगवेगळ्या वेळी बोललेले अर्धे अर्धे तुकडे कुणीतरी जोडले होते. मी पुन्हा ऐकलं. मला तरीही एक बाईच ऐकू आली.

घरी जाताना ठरवलं होतं की हे आपलं क्षेत्र नव्हे. आज वाटतं, त्या दिवशी त्या कामाबद्दल मत बनवण्याइतकं मला ऐकूच येत नव्हतं. आणि जे ऐकू येत नाही ते आवडणार कसं?

हल्ली माझ्याकडे नवी मुलंमुली शिकायला येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, माझी खरी आवड हीच आहे हे कसं ओळखायचं?" मी सांगते, सहा महिन्यांनी विचार. त्यांना वाटतं मी टाळतेय. टाळत नाही, पण उभ्या उभ्या देण्यासारखं ते उत्तर नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. उदाहरणं माझ्या धंद्यातली आहेत, तुम्ही आपापली घालून घ्या.

प्रश्न बदला

पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरची एक सोपी, रंजक चित्रफीत दाखवली. बहुतेकांना विषय आवडला. मग त्याच विषयावरचा किचकट शास्त्रीय लेख वाचायला दिला. उत्साह सगळ्यांचाच उतरला, पण आवड ही आपल्या आत तयार असते आणि ती फक्त सापडायची असते असं मानणाऱ्यांचा जास्त उतरला. आवड हळूहळू वाढवता येते असं मानणारे त्या मानाने टिकून राहिले. मला हे वाचून हसू आलं. अकरा सेकंदांचा तुकडा हा माझा किचकट लेख होता, आणि मी पहिल्या गटातली निघाले.

दुसरा अभ्यास जुना आहे, १९९७ सालचा, एमी रेझनेव्स्की आणि सहकाऱ्यांचा. लोक आपल्या कामाकडे पोटापाण्याची नोकरी म्हणून बघतात, पुढे जाण्याची शिडी म्हणून बघतात की जीवनकार्य म्हणून, हे त्यांनी तपासलं. त्यात २४ कार्यालयीन साहाय्यकांचा एक छोटा गट होता. सगळ्यांचं काम जवळपास सारखंच, तरी गट तीन दृष्टिकोनांत साधारण समसमान विभागला गेला. गट लहान आहे, त्यावर मोठा इमला बांधू नये. पण 'योग्य क्षेत्र सापडलं की झालं' ही समजूत हलवायला तो पुरेसा आहे.

तेव्हा सहा महिने 'मला हे आवडतं का' हे विचारायचंच नाही. त्याऐवजी रोज काम संपल्यावर एक ओळ लिहायची. आज मला असं काय दिसलं, जे गेल्या महिन्यात दिसलं नसतं? माझ्या पहिल्या वहीतल्या नोंदी फार मामुली आहेत. 'स आणि श यांची शिट्टी वेगवेगळ्या उंचीवर असते.' 'माणूस खोटं हसतो तेव्हा श्वास उशिरा घेतो.' दुसरी कदाचित चुकीचीही असेल, पण मी ऐकायला लागले होते एवढं तिच्यातून कळतं. या वहीत सहा महिने काहीच भर पडली नाही, आणि तुम्ही प्रामाणिकपणे सराव केला होता, तर खुशाल सोडा. तेव्हा सोडण्याला काही अर्थ असतो. पहिल्या आठवड्यात सोडलंत तर ते काम काय होतं हेही तुम्हाला कळलेलं नसतं.

कोणाचं कुठे अडतंय ते बघा

कशात निष्णात व्हायचं हे निवडताना आत बघण्यापेक्षा आजूबाजूला बघणं जास्त उपयोगाचं. आमच्या स्टुडिओत प्रत्येकाला संगीताचं मिश्रण करायचं होतं, त्यात झळाळी होती. संवादांची फाइल मात्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरायची. संवाद खराब निघाला की त्या नटाला पुन्हा बोलावून, पडद्यावरच्या ओठांशी जुळवून सगळं नव्याने बोलून घ्यावं लागतं. त्यात वेळ जातो, आणि खरं नुकसान पुढेच असतं. रडतानाचा तो पहिला आवाज दुसऱ्यांदा तसा येत नाही. मूळ आवाज वाचवणारं माणूस सगळ्यांना हवं होतं आणि ते व्हायला कुणी तयार नव्हतं.

अशी जागा प्रत्येक ठिकाणी असते. प्रयोगशाळेत प्रयोग करायला सगळे पुढे असतात, पण नोंदी अशा ठेवणारं कुणी नसतं की त्या दुसऱ्यालाही वाचता येतील. सॉफ्टवेअरच्या टीममध्ये एक जुना कोड असतो, त्याला हात लावायला सगळे घाबरतात. दोन तासांच्या बैठकीचं एक पान करून, कोणी काय करायचं ते स्पष्ट लिहून देणारं माणूस तर कुठल्याही कार्यालयात हवंच असतं. ज्या कामाचं नाव काढलं की लोक घड्याळाकडे बघतात, त्या कामाकडे जरा निरखून बघा.

मात्र दोन गोष्टी तपासून घ्या. त्या कामात बरोबर-चूक कळण्याची काही सोय आहे का? आणि चूक दाखवणारं, आपल्याहून पुढे गेलेलं कुणी जवळ आहे का? दोन्ही नसतील तर तुम्ही दहा वर्षं तीच चूक आणखी सफाईने करायला शिकाल. असे लोक मी बघितलेत, आणि त्यांचा आत्मविश्वास जबरदस्त असतो.

हातात आधीपासून काय आहे तेही मोजा. माझी गाण्यातली नऊ वर्षं वाया गेली असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग लक्षात आलं की बोलणारा कुठे श्वास घेणार हे मला आधीच कळतं. नवखा माणूस सगळे श्वास कापून टाकतो आणि मग बोलणारा गुदमरल्यासारखा वाटतो. कुठला श्वास ठेवायचा, कुठला अर्धा करायचा, हे मला कुणी शिकवलं नाही, ते गाण्यातून आलं. जुनी आवड फेकून द्यायची नसते. ती मुख्य रस्ता झाली नाही तरी जोडरस्ता म्हणून उपयोगी पडते.

आणि हो, चिकाटीच्या नावाखाली कुठेही चिकटून राहू नका. जे काम केल्याने लोकांचं वाईट होतंय असं तुम्हाला वाटतं, किंवा जिथली माणसं रोज तुमचा पाणउतारा करतात, तिथे कौशल्य वाढवण्यात अर्थ नाही. तिथून निघा.

कौशल्याचे तुकडे पाडा

'मला आवाज साफ करता येतो' हे कौशल्य नव्हे, ती जाहिरात झाली. मी एकदा बसून त्याचे तुकडे लिहून काढले तेव्हा ते अकरा निघाले. विजेची गुणगुण ओळखणं आणि काढणं हा एक. ती ५० किंवा ६० हर्ट्‌झवर असते, वीजपुरवठा कसा आहे त्यावर ठरतं, आणि तिच्या पटीतही, म्हणजे ५० असेल तर १००, १५०, २०० वर, तिची पिल्लं असतात. नुसती आई पकडली तर पिल्लं गात राहतात. दोन तुकडे असे जोडणं की सांध्यावर टक् असा आवाज येऊ नये, हा दुसरा. प, फ, ब, भ यांचे हवेचे धक्के मऊ करणं हा तिसरा. रिकाम्या खोलीचा आवाज ओळखून तो दोन वाक्यांमधल्या फटीत भरणं हा चौथा. शांतता म्हणजे आवाजाचा अभाव नव्हे, प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते. ती चित्रीकरणाच्या ठिकाणी अर्धा मिनिट तरी वेगळी मुद्रित करून ठेवावी लागते, आणि घाईत सगळ्यात आधी तीच विसरली जाते.

यातल्या काही तुकड्यांना आकडे असतात. युरोपीय प्रसारण संघाच्या २०१० सालच्या शिफारशीप्रमाणे कार्यक्रमाची एकूण ध्वनिपातळी उणे २३ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) हवी. तो आकडा जमला की जमला, त्यावर वाद नाही. काही तुकड्यांना आकडे नसतात. आवाज पुरेसा साफ झाला, आता थांबायचं, हे कुठलाच मीटर सांगत नाही. दोन्ही प्रकार वेगळे लिहा, कारण त्यांचा सराव वेगळा असतो.

तुकडा लिहिण्याची माझी पद्धत अशी. 'अमुक दिलं तर मी तमुक वेळात, कुणाला न विचारता, अशा अशा दर्जाचं करून देईन.' उदाहरणार्थ, 'रस्त्यावर घेतलेली पाच मिनिटांची मुलाखत दिली तर मी एका तासात प्रत्येक शब्द कळेल इतकी साफ करून देईन, आणि बोलणाऱ्याचा आवाज तोच राहील.' वाक्य असं लिहिता आलं नाही तर तुकडा अजून मोठा आहे. आणखी फोडा. शिक्षिका असाल तर 'चांगलं शिकवणं' नको. 'ज्याचं उत्तर एका शब्दात देता येणार नाही असा प्रश्न विचारून, उत्तर येईपर्यंत गप्प राहणं' असं लिहा. मधे न बोलता गप्प राहणं हे किती अवघड कौशल्य आहे, करून बघा.

अकरांपैकी कुठला आधी घ्यायचा? ज्यामुळे तुमचं काम सगळ्यात जास्त वेळा परत येतं तो. माझं सांध्यांवरून परत यायचं.

सराव म्हणजे काम नव्हे

सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. मी रोज आठ तास संवाद साफ करत होते, तेव्हा सराव आपोआप होतोय असं मी धरून चालले होते. दीड वर्षात माझा वेग वाढला, कान तिथेच राहिला. कामात आपण जे येतं तेच करतो, कारण फाइल संध्याकाळी द्यायची असते. जे येत नाही ते करून बघायला कामात जागा नसते.

मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनमधल्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरच्या दर्जाच्या विद्यार्थ्यांनी एकट्याने केलेल्या सरावाचे तास लक्षणीय जास्त होते. त्यातून पुढे दहा हजार तासांचं जे सुभाषित तयार झालं ते मात्र चुकीचं आहे. दहा हजार ही सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, ओलांडायची रेघ नव्हती. आणि सराव म्हणजेच सर्व काही असंही नाही. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत संगीतातल्या कामगिरीच्या फरकापैकी सुमारे २१ टक्के फरक अशा सरावाने समजावता आला, आणि नोकरी-व्यवसायात तर एक टक्क्याहूनही कमी. हे वाचून हताश होणारे भेटतात. माझा अर्थ वेगळा आहे. नोकरीत सराव करतंच कोण? आणि केला तर त्याचं मोजमाप कोण करतं?

मी केला तो असा. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी चाळीस मिनिटं. त्यातली पहिली वीस कानासाठी. सगळ्या पट्ट्या, म्हणजे जाड्यापासून बारीक आवाजापर्यंतचे सगळे थर, भरलेला एक सपाट खरखराट लावायचा, त्याला 'पिंक नॉइज' म्हणतात. संगणकाने दहा पट्ट्यांपैकी एक पट्टी वर उचलायची आणि मी डोळे मिटून सांगायचं, कुठली. उत्तर लगेच समोर. पहिल्या दिवशी दहापैकी तीन बरोबर आली, अंदाजपंचे. तीन महिन्यांनी आठ. मग पट्टी कमी कमी उचलायला लावली आणि पुन्हा पाचावर आले. पाचावर येणं ही चांगली खूण आहे. रोज दहापैकी दहा येत असतील तर तो सराव नव्हे, ती करमणूक.

पुढची वीस मिनिटं दादांची नक्कल. त्यांनी साफ केलेला एखादा प्रसंग मूळ स्वरूपातही मागून घ्यायचा. त्यांचा न ऐकता मी माझा करायचा. मग दोन्ही शेजारी लावून ऐकायचे आणि फरक लिहायचा. ही युक्ती माझी नाही. बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी 'स्पेक्टेटर' या नियतकालिकातले लेख घ्यायचा, प्रत्येक वाक्याचा आशय दोनचार शब्दांत टिपायचा, काही दिवस बाजूला ठेवायचा, मग त्या टिपणांवरून लेख स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहून मूळ लेखाशी ताडून बघायचा. चित्र, पत्र, कोड, निदानाचा अहवाल, कशालाही हे लागू पडतं. मधले काही दिवस जाऊ द्यायचे एवढं विसरू नका. आठवणीतून लिहिलंत तर काही कळणार नाही.

वहीत तीनच रकाने होते. काय केलं, कुठे चुकलं, उद्या काय वेगळं करणार. चाळीस मिनिटांहून जास्त माझ्याने कधी झालं नाही. डोकं खरंच दुखायचं. ज्या सरावाने थकवा येत नाही त्याबद्दल मला आजही शंका येते.

मधली कंटाळवाणी वर्षं

या भागावर उपाय नाही, फक्त सोबत आहे. चार्ल्स डार्विनची उत्क्रांतीची मांडणी १८४४ साली बरीचशी लिहून तयार होती. ती त्याने बाजूला ठेवली. पुढच्या वर्षी त्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हुकर याने एका पत्रात म्हटलं की ज्याने स्वतः अनेक जातींचं बारकाईने वर्णन केलेलं नाही त्याने जातींच्या प्रश्नावर बोलू नये. रोख दुसऱ्या कुणावर होता, पण लागलं डार्विनला. १८४६ साली त्याने बार्नेकल हाती घेतले. खडकांना आणि जहाजांच्या बुडाला चिकटून बसणारे हे कवचवाले जीव तो आठ वर्षं चिरत आणि मांडत बसला. शेवटी शेवटी त्यांचा त्याला मनस्वी तिटकारा आला होता, तसं त्याने पत्रांत लिहून ठेवलंय. पण १८५३ साली रॉयल सोसायटीचं पदक मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता, आणि १८५९ साली मोठा ग्रंथ आला तेव्हा जीवजातींबद्दल बोलणारा माणूस हौशी नव्हता. इतका वेळ घालवणं योग्य होतं का, याबद्दल त्याला स्वतःला नंतर शंका होती. मला हीच गोष्ट त्यातली सगळ्यात जवळची वाटते.

यंत्र येतं तेव्हा

माझ्या अकरा तुकड्यांतले चार आज सॉफ्टवेअर एका बटणावर करतं. गुणगुण काढायला मी वीस मिनिटं घालवायचे, आता वीस सेकंद लागतात. दोन रात्री झोप आली नाही, कबूल करते. मग यादी पुन्हा काढली आणि प्रत्येक तुकड्यापुढे लिहिलं, यात हात किती, निवाडा किती. हाताचा भाग यंत्राकडे जाणार, जाऊ द्या. बटण दाबल्यावर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतोय, तेव्हा थोडी गुणगुण परत घाला, हे ऐकणारा कान अजून लागतो. तुमच्या यादीत सगळं हाताचंच निघालं तर पुढची दोन वर्षं निवाड्याचा भाग शिकण्यात घाला, घाई करा.

काम बोलत नाही, त्याला बोलतं करावं लागतं

चांगलं काम आपोआप दिसतं या समजुतीवर मी तीन वर्षं घालवली. माझं काम तर चांगलं झालं की नाहीसंच होतं! दिग्दर्शकाला वाटायचं, ध्वनिमुद्रण मुळातच छान झालं होतं.

मायकेल फॅरेडे सात वर्षं बुकबाइंडरकडे उमेदवारी करत होता. १८१२ साली त्याला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकायला मिळाली. 'मला विज्ञानाची फार ओढ आहे' असं पत्र कुणीही लिहिलं असतं. त्याने पत्रासोबत त्या व्याख्यानांच्या टिपणांची, आकृत्यांसकट, सुमारे ३०० पानांची स्वतः बांधलेली वही पाठवली. १८१३ साली तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हीचा साहाय्यक झाला. ओढ तर होतीच. पण डेव्हीच्या हातात पडली ती वही.

मी सुरुवात एका पानापासून केली. प्रत्येक फाइलबरोबर एक कागद जाऊ लागला. कुठल्या मिनिटाला काय बिघडलं होतं, काय केलं, आणि पुढच्या वेळी चित्रीकरणाच्या ठिकाणी काय सांभाळलं तर हे टळेल. बढाई नाही, विशेषणं नाहीत. सोबत पंधरा सेकंदांचा 'आधी' आणि पंधरा सेकंदांचा 'नंतर'. दोन महिन्यांत लोक नावाने विचारत येऊ लागले. मजा म्हणजे कागदाचा जास्त फायदा मलाच झाला. जे लिहिता येत नव्हतं ते मला नीट कळलेलंच नव्हतं.

मिळवलेलं कशावर खर्च करायचं

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी काही दशकं घालवून मांडलं की माणसाच्या मनाला तीन गोष्टी लागतात. आपलं आपण ठरवता येणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि आपली माणसं असणं. 'जमतंय' हे सरावातून येतं. बाकीच्या दोन गोष्टी आपसूक येत नाहीत, त्या मागून घ्याव्या लागतात, आणि मागताना हातात काहीतरी असावं लागतं.

मी दोन्ही बाजूंनी चुकले. तिसऱ्या वर्षी स्वातंत्र्य हवं म्हणून स्टुडिओ सोडला. सात महिन्यांत परत आले. दादा शेवटचं ऐकून बघत असताना मला काम येत होतं, एकटीला येत नव्हतं, हा फरक मला सोडल्यावर कळला. तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे. ओळखीतलं नसलेलं कुणी दुसऱ्यांदा परत आलंय का? पहिल्यांदा लोक ओळखीने येतात किंवा अडलेले असतात. दुसऱ्यांदा येतात तेव्हा पारख करून येतात. असे तिघे-चौघे झाले नाहीत तोवर उडी मारू नका.

दुसरी चूक उलटी. पुढे बक्षीस म्हणून मला विभागप्रमुख केलं. तीन वर्षं मी बैठका घेतल्या, वेळापत्रकं बनवली, आणि माझा कान बोथट झाला. बढती नाकारता येते हे मला सुचलंच नाही! शेवटी जाऊन सांगितलं की मला टेबलावर परत बसायचंय. सकाळी बैठक नको, वर्षातली काही कामं मी निवडणार, आणि दोन शिकाऊ माझ्याकडे द्या. ते मान्य झालं, कारण तोवर तसं काम करणारं दुसरं कुणी त्यांच्याकडे नव्हतं. हेच मी तिसऱ्या वर्षी मागितलं असतं तर हसले असते.

मागायला जाण्याआधी एका कागदावर लिहा की तुम्हाला नक्की काय हवंय. वेळ, कामाची निवड, जागा, शिकवणं, की निव्वळ शांतता? 'समाधान' असं लिहू नका, ते कुणी देऊ शकत नाही. एका वेळी एकच मागा. मी तीन मागितल्या, त्या मिळाल्या हे माझं नशीब.

गाणं अजून आहे. रविवारी दोन तास, दार लावून. त्यावर कुणाचं पोट नाही, कुणाचा निकाल नाही, आणि ते आधीपेक्षा बरंच सुरेल झालंय, कारण आता मला माझ्याच आवाजात काय बिघडतं ते ऐकू येतं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. माझ्याकडचा एक शिकाऊ मुलगा वर्षभर कुरकुरत होता, ताई, मला यात रस वाटत नाही, मी संगीताकडे जाऊ का? मी म्हणायचे, वही दाखव. वहीत बरोबर भर पडत होती, म्हणून मी त्याला धरून ठेवला होता. त्या दिवशी तो एक साधी मुलाखत ऐकत होता. मधेच त्याने हेडफोन काढले, खोलीभर नजर फिरवली, उठून कोपऱ्यातल्या फ्रिजजवळ गेला आणि त्याला कान लावला. परत येऊन हेडफोन पुन्हा घातले.

"ताई, हा असा सारखा वाजत असतो?"

"तू आलास त्या दिवसापासून."

त्याने ती मुलाखत पहिल्यापासून लावली.